देवमासापालनाचं तिसरं पान

मुद्देसूदांनी देवमासे पाळायचं मनावर घेतलं ते रागाच्या भरात, आणि तेही जेवणाच्या सुट्टीत. रागाच्या भरात माणूस वाट्टेल ते करतो. कुणी ताट सरकवतं, कुणी दार आपटतं. पण मुद्देसूद सरकारी कारकून होते, आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना राग आला तरी तो अनुक्रमांक घालूनच यायचा. म्हणून तर ऑफिसात त्यांना मुद्देसूद म्हणत. खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं होतं.

रागाचं कारण जुनं होतं. पशुधन खात्याच्या त्या कार्यालयात दरवर्षी ‘नवकल्पना पंधरवडा’ पाळला जायचा. प्रत्येक कर्मचाऱ्याने एक सूचना लेखी द्यायची. बाकीचे लोक मागच्या वर्षीच्याच कागदावर तारीख बदलून देत आणि चहाला जात. मुद्देसूद मात्र मनापासून लिहीत. अकरा वर्षं त्यांनी एकच गोष्ट अकरा तऱ्हांनी लिहिली होती: सायकल स्टँडवर छप्पर घालावं. ते सायकलने येत. उन्हाळ्यात सायकलची सीट तव्यासारखी तापायची, पावसाळ्यात स्पंजासारखी पाणी धरून ठेवायची, आणि दुपारी बाहेरच्या कामाला जाऊन आल्यावर मुद्देसूदांना तासभर पाठ भिंतीला लावून उभं राहावं लागायचं. सत्तावीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला पँट वाळेपर्यंत भिंतीशी उभं राहावं लागणं यात काय अपमान असतो, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अकरा वर्षं उत्तर मात्र एकच यायचं: ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’

बाराव्या वर्षी छापील फॉर्म टेबलावर येऊन पडला, आणि मुद्देसूदांच्या मनात आलं, हे लोक वाचतात तरी का? मग डबा बाजूला सारून त्यांनी लिहायला घेतलं. विषय: अन्नटंचाईवर कायमचा उपाय म्हणून देवमासापालन.

एकदा हात बसल्यावर त्यांना थांबवेना. मुद्दा एक, देवमासा हा आकाराने सर्वांत मोठा असल्याने एका जनावरात अख्खं गाव जेवेल. मुद्दा चार, त्याला चारा लागत नाही, तो समुद्रातली बारीकसारीक कोळंबी स्वतःच खातो. मुद्दा सात, तो चोरीला जाऊ शकत नाही, कारण नेणार कशावरून आणि लपवणार कुठे. मुद्दा नऊ, तपासणी सोपी: किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं की जनावर एकतर दिसतं किंवा दिसत नाही. मुद्दा बारा, मादीला दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू होत असल्याने कर्मचाऱ्यांवर कामाचा ताण येणार नाही. मुद्दा पंधरामध्ये दूध होतं. ते काढण्यासाठी पोहता येणाऱ्या कर्मचाऱ्यांची वेगळी ज्येष्ठता यादी करावी, असं त्यांनी सुचवलं होतं.

दोन पानं भरली. तिसऱ्या पानावर मात्र मुद्देसूद खरं बोलले. त्यांनी लिहिलं की इथपर्यंत कुणी वाचलं असेल तर त्याला हा विनोद आहे हे कळलंच असेल, आणि कुणी वाचलं असेल याचाच लेखकाला आनंद आहे. देवमासे मुळात थोडेच उरलेत, त्यांना त्यांच्या जागी सुखाने राहू द्यावं. आणि मुद्दा एकवीस, अखेरचा: ‘सायकल स्टँडला छप्पर द्यावे, आणि मलाही माझ्या जागी राहू द्यावे, ही विनंती.’

तिन्ही पानांना टाचणी लावून त्यांनी ती जावकमॅडमच्या टेबलावर ठेवली. ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद या मॅडमच्या हातून जायचा, म्हणून त्यांचं हे नाव. मुद्देसूद घरी गेले तेव्हा त्यांना मोकळं मोकळं वाटत होतं. रात्री त्यांनी एक पोळी जास्त खाल्ली. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की पुढे बरेच दिवस त्यांना जेवण जायचं नव्हतं.

महिन्याभराने साहेबांनी बोलावलं. साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. सत्तावीस वर्षांत कुठलेच साहेब असे उठले नव्हते, त्यामुळे मुद्देसूद दोन पावलं मागे सरले.

“बसा. अहो, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात,” साहेब म्हणाले. “मुख्यालयाने तुमची कल्पना निवडली. सगळ्या कार्यालयांतून एक.”

“कुठली कल्पना, साहेब?”

“आता विनय पुरे. देवमासापालन.”

मुद्देसूदांनी हसून पाहिलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी फाईल पुढे सरकवली. पहिल्या पानावर साहेबांचा शेरा होता, ‘शिफारस’. त्याखाली त्यांच्या वरच्या साहेबांचा, ‘सहमत’. त्याखाली ‘वरीलप्रमाणे सहमत’ अशा चार सह्या, आणि सर्वांत खाली हिरव्या शाईत ‘उत्तम. पुढील कार्यवाही करावी’.

“साहेब, तिसरं पान वाचलंत ना?”

“तिसरं पान?” साहेबांनी फाईल चाळली. “दोनच पानं आहेत. आणि आटोपशीर आहेत, तेच तर वरच्यांना आवडलं.”

साहेब बोलतच होते. किनाऱ्यावर नवं केंद्र उघडायचं ठरत होतं. जागा रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनापासून पुढे बसने पाच तासांवर होती. आणि कल्पना ज्याची, केंद्रप्रमुखही तोच, असं हिरव्या शाईवाल्यांचं मत होतं.

“म्हणजे बदली?”

“बढतीच समजा. तुमच्या हाताखाली समुद्र येईल.”

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मुद्देसूदांच्या नोकरीत सहा बदल्या झाल्या होत्या, आणि सहाही वेळा त्यांच्या बायकोने घरचं सामान बांधून पुन्हा उघडलं होतं. प्रत्येक गावात तिने काहीतरी सुरू केलं आणि प्रत्येक गावात ते अर्ध्यावर सोडलं. या गावी आल्यावर मुद्देसूदांनी तिला शब्द दिला होता की ही शेवटची. त्या शब्दावर तिने पुढच्या खोलीत बालवाडी काढली. आता तिथे चौदा मुलं येत, गल्लीत तिला सगळे बाई म्हणत, आणि पत्र्याची मोठी ट्रंक माळ्यावर गेली होती. मुद्देसूदांना देवमाशांची भीती नव्हती. ट्रंक खाली काढा हे बाईंना सांगण्याची भीती होती.

ते तडक जावकमॅडमकडे गेले.

“तिसरं पान? ते मी काढलं,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “परिपत्रक आहे. सूचना दोन पानांपेक्षा जास्त नको.”

“मग मला सांगायचं तरी.”

“तुम्ही मुद्देसूद. तुम्हाला परिपत्रक माहीत असेल असं वाटलं मला.”

“ते पान टाकलंत?”

मॅडमना हा प्रश्न लागला. त्या ऑफिसात कागद टाकत नसत. एका बाजूने लिहिलेला कागद म्हणजे पाठकोरा, आणि पाठकोरा कागद ही तिथली लक्ष्मी होती. चहाच्या याद्या, कच्चे मसुदे, पेन चालतं का ते पाहण्याच्या रेघोट्या, सगळं पाठकोऱ्यावर. “पाठकोऱ्यात ठेवलं,” मॅडम म्हणाल्या. “आता कुठे असेल ते मी कसं सांगू?”

ते पान मिळणं गरजेचं होतं. साधं जाऊन ‘विनोद होता’ म्हणावं, तर वरच्या सहा अधिकाऱ्यांनी विनोदाशी सहमती दाखवली होती. म्हणजे त्या सहाही जणांना वेड्यात काढल्यासारखं झालं असतं. आणि पुरावा नसताना सरकारी योजनेची थट्टा केल्याबद्दल चौकशी लागली असती ती निराळीच. पान हाती असतं तर निदान म्हणता आलं असतं की मी त्याच दिवशी लेखी कळवलं होतं.

म्हणून मुद्देसूदांनी शोध सुरू केला. ते येता-जाता लोकांच्या टेबलावरचे कागद उलटून पाहू लागले. लेखापालांच्या चहाच्या यादीमागे एका मेलेल्या शेळीचा पंचनामा निघाला. टंकलेखकाच्या कच्च्या मसुद्यामागे मुद्देसूदांचीच सहाव्या वर्षीची छपराची सूचना निघाली, आणि तिच्यावर कुणीतरी फुलं काढली होती. साहेबांच्या कपाखालचा कागद त्यांनी हळूच ओढला, तेव्हा कप कलंडून चहा थेट देवमाशाच्या फाईलवर गेला. तिसऱ्या दिवशी ऑफिसात कुजबुज सुरू झाली की मुद्देसूद दक्षता पथकाचा माणूस आहे. लोक त्यांना पाहिल्यावर कागदावर हात ठेवू लागले, आणि ज्या माणसाने सत्तावीस वर्षांत ऑफिसची पेन्सिलही घरी नेली नव्हती, त्याच्याकडे पाहून शिपाईसुद्धा बोलणं बदलू लागला.

इकडे मुख्यालयाकडून माहिती मागवणारी पत्रं येतच होती. खात्याकडे शेळीपालनाचा एकच छापील तक्ता होता, तोच पाठवलेला. गोठ्याची लांबी-रुंदी. प्रति जनावर गवत. कानात बिल्ला मारला आहे काय. पशुवैद्यांनी वेगळं विचारलं होतं की जनावराचा ताप कुठून मोजायचा आणि मोजताना त्याला धरणार कोण. मत्स्य खात्याने हरकत घेतली की पाण्यातलं जनावर आमचं. आपल्या खात्याने उलट लिहिलं की हे दूध देतं, सबब आमचं. मुद्देसूदांना वाटलं, भांडणात वर्षं जातील. पण दोन्ही खाती आठ दिवसांत एकमताला आली: जनावर पाण्यावर येईल तेव्हा पशुधन, बुडी मारेल तेव्हा मत्स्य.

बातमी गल्लीत पोचायला शिपाई पुरेसा होता. शेजारच्या काकूंनी कुंपणावरूनच विचारलं, “अहो, ते अर्धा किलोत मिळेल का? आमचा फ्रीज लहान आहे.” वरच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसिअर जिना उतरून आले आणि टाकीची भिंत किमान चार फूट जाडीची घ्या असं बजावून गेले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उतरले. त्यांनी रात्रभर हिशेब केला होता, सहा फूट घ्या. कोपऱ्यावरच्या खाटकाने तर मुद्देसूदांची सायकलच अडवली. “साहेब, तुमच्याशी माझं वैर नाही,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “पण एका जनावरात गाव जेवलं तर आम्ही कुठे जायचं? गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका.” मुद्देसूदांनी त्याला सांगितलं की असं काही होणार नाही. खाटकाचा विश्वास बसला नाही. सरकारी माणूस नाही म्हणतो तेव्हा नक्की होतं, असा त्याचा अनुभव होता.

नवल याचं की सगळे ‘कसं’ विचारत होते. ‘कशाला’ असं एकीनेच विचारलं. बालवाडीत दोन वेण्या घालणारी एक साडेचार वर्षांची मुलगी होती. ती प्रत्येक गोष्टीला कशाला म्हणून विचारायची, म्हणून तिचं नावच ‘कशाला’ पडलं होतं. एका सकाळी मुद्देसूद सायकल काढत असताना तिने रस्ता अडवला.

“काका, तुम्ही देवमासा आणणार?”

“हो गं. म्हणजे नाही. बघू.”

“कशाला?”

“लोकांना खायला.”

“कशाला?”

मुद्देसूदांकडे वीस मुद्दे होते, पण त्यातल्या एकातही त्याचं उत्तर नव्हतं. ते घंटी वाजवून निघून गेले.

बाईंना मात्र त्यांनी अजून बदलीचं सांगितलं नव्हतं. देवमाशाचं कळलं होतं, पण ‘ऑफिसातली काहीतरी गंमत’ असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती. जेवताना मुद्देसूदांच्या हातातला घास हातातच राहायचा. शनिवारी साहेबांनी सांगितलं की सोमवारी हिरव्या शाईवाले स्वतः येणार, फाईल पाहणार आणि आदेशावर तिथेच सही करणार. “सामानाची आवराआवर करून ठेवा,” साहेब म्हणाले.

रविवारी सकाळी मुद्देसूदांनी स्टूल घेऊन माळ्यावरची ट्रंक खाली काढली. पुढच्या खोलीच्या मधोमध ती ठेवली आणि बाजूला उभे राहिले.

बाई आतून आल्या. त्यांनी ट्रंक पाहिली.

“कधी?” त्यांनी विचारलं.

“उद्या सही होईल. अगं, मी गंमत केली होती. नुसती गंमत.”

“शेवटची म्हणाला होतात.”

“हो.”

बाईंनी भांडण केलं नाही, आणि त्यामुळे मुद्देसूदांना जास्तच लागलं. भांडल्या असत्या तर त्यांनी चार मुद्दे तरी मांडले असते. बाई भिंतीपाशी गेल्या. तिथे सुतळीला चिमट्यांनी मुलांची चित्रं टांगलेली होती. त्यांनी एकेक चिमटा काढायला सुरुवात केली. “ज्याची त्याला देऊन टाकते,” त्या म्हणाल्या. “मागच्या गावची तिथेच टाकून आले होते. अजून आठवतात.” मुद्देसूदांना स्वतःची शरम वाटली. विनोदी लिहिण्याची हौस आपल्याला कुठून आली असं त्यांना झालं.

सहावं की सातवं चित्र काढताना बाई थांबल्या. त्यांनी कागद उलटला. मग डोळ्यांजवळ नेला.

“अहो, हे तुमचं अक्षर ना? ‘मुद्दा एकवीस, अखेरचा’?”

मुद्देसूद ट्रंकेवरच बसले. बालवाडीसाठी चित्रांचे कागद कुठून यायचे? ऑफिसातून. दर शनिवारी साहेबांच्या लेखी परवानगीने पाठकोऱ्यांचा गठ्ठा घरी कोण आणायचं? तेच आणायचे. ज्या पानासाठी त्यांनी अख्खं ऑफिस उलटंपालटं केलं, ते त्यांनी स्वतः सायकलच्या कॅरिअरला लावून आणलं होतं, आणि महिनाभर ते त्याच्याच शेजारी बसून न जेवता उठत होते.

बाईंनी पान सबंध वाचलं. मधेच एकदा त्यांना हसू फुटलं. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. “चांगलं लिहिता तुम्ही,” त्या म्हणाल्या. अकरा वर्षांत, आणि हे बारावं, मुद्देसूदांचं लेखन कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं होतं.

सोमवारी ते अर्धा तास आधी ऑफिसात पोचले. पण साहेब फाटकापाशीच उभे होते, कारण मुख्यालयाची गाडी त्याहून आधी आली होती. “साहेब, तिसरं पान मिळालं,” मुद्देसूद धापा टाकत म्हणाले. साहेबांनी कागद न पाहताच ओढून घेतला, फाईलला टाचला आणि फाईल आत नेली.

हिरव्या शाईवाले बारीक अंगाचे, जाड भिंगाचे गृहस्थ होते. ते पानं वाचत नव्हते, उलटत होते. पहिलं उलटलं. चहाचा डाग पडलेलं दुसरं उलटलं. तिसऱ्यावर मात्र थांबले. भिंतीशी उभ्या मुद्देसूदांनी मान लांब करून पाहिलं. घाईत साहेबांनी पान उलटं टाचलं होतं. समोर ‘कशाला’चं चित्र आलं होतं: बाईंचं घर, दारात मोठ्या हातांच्या बाई, रांगेत चौदा मुलं, आणि बाजूला चार खांबांवर एक छप्पर. छपराखाली काकांची सायकल उभी होती. खऱ्या घरी तसलं छप्पर नव्हतंच. सायकल बिचारी भिजत असते, म्हणून पोरीने आपल्या मनाने ते घालून दिलं होतं.

“हे काय आहे?” हिरव्या शाईवाल्यांनी विचारलं.

साहेबांनी अजूनही ते पान पाहिलं नव्हतं. “आराखडा, सर,” ते म्हणाले.

“हं.” भिंगं कागदाजवळ गेली. “कर्मचारी किती? चौदा. कार्यालय. आणि आधी वाहनांसाठी छप्पर.” त्यांनी मान हलवली. “पहिल्यांदाच कुणीतरी टप्प्याटप्प्याने विचार केलाय. लोक एकदम जनावर आणून उभं करतात आणि मग सोयी मागतात. कुणी केलंय हे?”

साहेबांनी मुद्देसूदांकडे बोट केलं.

दोन शब्द बोलायचे होते: पान उलटा. मागे त्यांचं स्वतःचं लिखाण होतं, त्यांची बाजू होती, त्यांचा स्वाभिमान होता. मुद्देसूदांनी तोंड उघडलं. मग त्यांना घरची सुतळी आठवली, चिमटे नसलेली. त्यांनी तोंड मिटलं.

हिरव्या शाईवाल्यांनी चित्राच्या कोपऱ्यात, सूर्याच्या शेजारी लिहिलं: ‘टप्पा एक मंजूर. याच कार्यालयाच्या आवारात प्रायोगिक छप्पर उभारावे. कल्पक कर्मचाऱ्यास टप्पा एकचा पूर्तता अहवाल येईपर्यंत येथून हलवू नये. टप्पा दोन (जनावर) त्यानंतर.’

छप्पर दोन महिन्यांत उभं राहिलं. चार खांब, वर पत्रा, खाली मुद्देसूदांची कोरडी सीट. ट्रंक माळ्यावर गेली आणि चित्रं पुन्हा सुतळीवर आली. पूर्तता अहवाल तेवढा राहिला आहे. मुद्देसूद तो फार काळजीपूर्वक लिहीत आहेत. परवाच त्यांना तिसऱ्या खांबाचा एक नट जरा सैल वाटला, त्याबद्दल पत्रव्यवहार सुरू आहे. तरीही टपालात हिरवी शाई दिसली की त्यांना अजून पाणी प्यावं लागतं.

यंदा पंधरवड्याचा फॉर्म आला. जावकमॅडमच्या खोलीत पंखा नाही, आणि उन्हाळ्यात त्या पाठकोऱ्या कागदानेच वारा घेतात. मुद्देसूदांनी पेन उचललं आणि पुन्हा खिशाला लावलं. फॉर्म घडी घालून घरी आणला, पुढच्या खोलीत गेले आणि दोन वेण्यांच्या मुलीसमोर तो कोऱ्या बाजूने ठेवला.

“एक पंखा काढ बरं,” ते म्हणाले. “आणि खाली एक मॅडम.”

तिने खडू हातात घेतला आणि वर पाहिलं.

“कशाला?”

मुद्देसूदांना बरं वाटलं. ते तिच्याजवळ मांडी घालून बसले आणि मुद्दा एकपासून सांगू लागले.